लाइट ऑफ

सहदेव तारी अर्ज घेऊन आला
तेव्हा मी अंगणात कोकमं उलटत होते.
वही शाळेची, चाररेघी,
अक्षर त्याच्या अक्षताचं, भाषा इंग्रजी,
कारण मराठीतले तीन अर्ज
कुठल्या टेबलावर झोपलेत, कुणालाच ठाऊक नाही.
"बाई, इंग्रजी सुधारा.
राग मात्र तसोच ठेवा."

पहिलंच वाक्य: साहेबांनी आमच्यावर लाइट फेकावा.
म्हटलं, फेकतात हे खरं, पण विषयावर,
माणसावर नाही.
आणि शेड लाइट लिहायचं तर ती शेड
होड्यांवरची झावळांची नव्हे;
सांडणं, गाळणं,
झाड पान गाळतं तसं.
"सांडतत खरा," तो म्हणाला, "बादलीन सांडतत,"
आणि समुद्राकडे हनुवटी केली.

चौतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले:
उजेड म्हणजे ज्ञान, उजेड म्हणजे आशा,
दडलेलं बाहेर पडतं ते ब्रिंग टू लाइट,
बोगद्याच्या टोकाला दिसतो तो धीर.
मागच्या बाकावरून एकदा कुणीतरी विचारलं होतं,
समोरून गाडीच येत असली तर?
मी त्याला उभं केलं होतं.

सहदेवचं सगळं भांडवल काळोखाचं.
अवसेच्या आगेमागे सात-आठ राती,
पाण्याखाली बांगड्याचा घोळका वळला की
निळसर पेटून विझणारी रेघ,
ती बघून रापण सोडायची.
आता निवतीच्या खडकांमागे
जनरेटर घरघरतात, दिवे थेट पाण्यात सोडलेले.
दीपगृह तेवढं जुन्या माणसासारखं
आपल्या वेळेला डोळा उघडतं, मिटतं.
मासळी तिकडे जाते. पिल्लंसुद्धा.
"उजेड पडलो म्हणान दिसणा बंद झाला,"
तो म्हणाला,
आणि मला ह्याचं इंग्रजी करता आलं नाही.

चौथ्या ओळीत: दे मेड अ लाइट ऑफ अस.
तो अ काढ, म्हटलं,
मग अर्थ होतो, आम्हाला हसण्यावारी नेलं.
इथला लाइट उजेडाचा नाही, वजनाचा. हलका.
"मगे ह्या बरोबर आसा. हलकाच केल्यानी."

शेवटी, इन द लाइट ऑफ द अबव्ह,
वरील बाबींच्या उजेडात,
अर्ज संपवायची जुनी रीत.
पण पोरीने ऑफला दोन एफ दिले होते.
त्या जादा एफचा अर्धा गुण
मी किती पिढ्यांचा कापला असेल.
कोकमाने लाल झालेल्या बोटांनी
लाल पेन उघडलं.

"थांबा जरा. दोन एफचो अर्थ काय?"
दिवा बंद.
"मगे आमका ताच व्हया."

कोकमांवर माशी बसली, ती हाकलली.
साहेब हसेल, सहदेव.
हसला की कागद बाजूला जाईल.
एक एफ खोडला.
तो काही बोलला नाही. घरी फेअर करायला
सगळं दुसऱ्या पानावर उतरवून घेतलं,
आणि हे पान फाडून माझ्यापाशीच ठेवलं,
पाटाखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

बरोबर इंग्रजीतला अर्ज गेला. पोच आली.
बाब प्रकाशात आणल्याबद्दल आभार, असं काहीसं,
व्याकरणाची एकही चूक नाही.

काल अवस होती.
ओट्यावर बसून मोजले: अकरा.
क्षितिज असं पांढरं, की तिथे
एखादं शहर वसलंय आणि
आपल्याला कुणी कळवलं नाही.
आत कपाटात ते पान, त्यावर माझी लाल रेघ.

उठले, ओट्यावरचा बल्ब बंद केला.
बारावा तरी माझा नको.